घरच्या लिंबाचा की लाइम पाय : पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

"आज मी पाय केला," असं मी फ्लोरिडातल्या टँपाहून फोनवर सांगितलं, तेव्हा सासूबाई क्षणभर गप्प झाल्या. मग हळूच विचारलं, "बोकडाचा?"

नाही. लिंबाचा. खाली बिस्किटांच्या चुऱ्याचा तळ, त्यावर आंबटगोड, मऊ पण सुरीने कापता येईल असं सारण, आणि वर क्रीम किंवा अंड्याच्या पांढऱ्याचा फेस. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवरचा हा गोड पदार्थ. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही टँपात सहा वर्षं होतो, आणि त्यातल्या पहिल्या वर्षात माझे तीन पाय वाया गेले. एकात लिंबू चुकलं, एकात दूध चुकलं, तिसऱ्यात तळ भिजून त्याची खीर झाली. चौथा जमला तो शेजारच्या आजींमुळे. त्यांचं लहानपण त्या बेटांवर गेलेलं. माझ्या हातातलं लिंबू बघून त्या म्हणाल्या होत्या, "हे लिंबू परत दुकानात दे."

आता पुण्यात परत आल्यावर हाच पाय मी छोट्या ओटीजीमध्ये (ओट्यावरच्या विजेच्या ओव्हनमध्ये) करते. खरं सांगते, तो इथे जास्त चांगला होतो. का, ते दुसऱ्या पायरीत.

१. हा पाय कुठला, ते आधी समजून घ्या

घाई असेल तर ही पायरी सोडा. पण प्रत्येक जिन्नस पाकृतीत का आहे ते एकदा कळलं, की काय बदलायचं आणि काय नाही हे पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही.

फ्लोरिडाच्या टोकाला समुद्रात बेटांची एक लांब माळ आहे, फ्लोरिडा कीज. 'की' म्हणजे चावी नव्हे. स्पॅनिश 'कायो', म्हणजे छोटं बेट, त्याचं ते इंग्रजी रूप. शेवटचं मोठं बेट की वेस्ट, तिथून क्यूबा सुमारे ९० मैलांवर. १९१२ साली उद्योगपती हेन्री फ्लॅग्लरची रेल्वे समुद्रावरून पूल टाकत की वेस्टला पोचली, तोवर तिथे जायला बोटच होती. १९३५ च्या चक्रीवादळाने ती रेल्वेही उखडली, आणि बेटांना सलग जोडणारा रस्ता १९३८ मध्ये झाला.

आता अशा जागी ताजं दूध कुठून येणार? गुरांना चारा नाही, गोड्या पाण्याची मारामार, उकाडा बारा महिने. त्यामुळे घराघरात डब्यातलं कंडेन्स्ड मिल्क. गेल बोर्डेनने १८५६ साली त्याचं पेटंट घेतलं, अमेरिकन यादवी युद्धात ते सैनिकांना पुरवलं गेलं, आणि मग जिथे ताजं दूध टिकत नाही तिथे ते जाऊन बसलं. मी रत्नागिरीची, आमच्याकडे पावसाळ्याची बेगमी म्हणजे सुकी मासळी, आमसुलं, फणसाची साठं, खारातले आंबे. कीजवाल्यांच्या बेगमीत दुधाचा डबा होता, परसात लिंबाचं झाड होतं, कोंबडीची अंडी होती. या तिघांतून जे झालं तो हा पाय. त्यात ताजं दूध नाही, ताजं क्रीम नाही, आणि जुन्या पद्धतीत ओव्हनही नाही.

शोध कुणी लावला यावर तिथे अजून भांडण आहे. की वेस्टच्या विल्यम करी या गबर व्यापाऱ्याच्या घरची स्वयंपाकीण 'आंट सॅली' हिने तो केला, असं बेटावर सांगतात. कुणी म्हणतं, दिवसेंदिवस समुद्रात राहणाऱ्या स्पंज गोळा करणाऱ्यांनी तो बोटीवरच जुळवला. आणि एक पक्ष म्हणतो की हे सगळं मागाहून रचलेलं, मुळात १९३० च्या दशकात कंडेन्स्ड मिल्कच्या कंपनीने छापलेल्या लेमन पायच्या पाकृतीवरून हा आला. आजींसमोर हा तिसरा पक्ष मी एकदाच काढला. पुन्हा नाही.

२००६ पासून हा फ्लोरिडाचा अधिकृत राज्य-पाय आहे. त्याच्या कितीतरी आधी, १९६५ साली, तिथल्या एका आमदाराने विधेयक आणलं होतं की खरं की लाइम न वापरता 'की लाइम पाय' विकणाऱ्याला १०० डॉलर दंड करावा. ते मंजूर झालं नाही. झालं असतं तर माझा पहिला पाय गुन्ह्यात धरला गेला असता.

२. लिंबू ओळखा (सगळ्यात जास्त चुका इथेच)

अमेरिकेतल्या दुकानात 'लाइम' म्हणून जे मोठं, जाड सालीचं, गडद हिरवं, बिनबियांचं फळ मिळतं ते पर्शियन लाइम. पायाला लागतं ते वेगळं: लहान, गोल, पातळ सालीचं, भरपूर बियांचं, पिकल्यावर पिवळं होणारं, आणि नुसतं नखाने खरवडलं तरी खोलीभर वास येणारं.

ओळखीचं वाटतंय ना? वाटणारच. ते आपलं कागदी लिंबू आहे. की लाइम, मेक्सिकन लाइम आणि कागदी लिंबू ही एकाच जातीची नावं. ही जात मुळात आशियातली. महाळुंगाच्या कुळातलं एक झाड आणि आग्नेय आशियातलं एक रानटी लिंबू यांच्या संकरातून झालेली. अरब व्यापाऱ्यांबरोबर ती पश्चिमेला गेली, स्पॅनिश लोकांनी ती कॅरिबियन बेटांवर नेली, आणि तिथून ती कीजमध्ये रुजली. 'लाइम', 'लेमन' आणि आपलं 'लिंबू' हे शब्दही एकमेकांचे सोयरे आहेत.

कीजमध्ये या लिंबाच्या बागा होत्या, पण १९२६ च्या चक्रीवादळानंतर त्यांचा धंदा उठला आणि पुढे फ्लोरिडात पर्शियन लाइमच जास्त लावलं गेलं. आज अमेरिकेत जाळीच्या पिशवीत 'की लाइम' म्हणून मिळतात ती बहुतेक मेक्सिकोहून आलेली असतात. म्हणजे ओहायोतल्या माणसाला जे लिंबू शोधत फिरावं लागतं, ते आपल्याला भाजीवाली कोथिंबिरीबरोबर पिशवीत टाकते. आजींनी दुकानात परत द्यायला लावलं ते पर्शियन होतं. बदली आणलेली छोटी लिंबं मी हुंगली आणि मला सरळ आमच्या मागीलदारची आठवण आली.

निवडताना हे बघा:

- साल पातळ, गुळगुळीत, आणि रंग हिरव्यावरून पिवळ्याकडे झुकलेला. पूर्ण हिरव्या लिंबात रस कमी आणि तुरटपणा जास्त. पिवळ्याधमक लिंबात रस भरपूर, पण सालीचा वास थोडा उतरलेला. मी मिसळून घेते: किसायला दोन-तीन हिरवट, पिळायला बाकीची पिवळी.
- हातात जड लागलं पाहिजे.
- इडलिंबू नको. हल्ली बाजारात येणारं मोठं बिनबियांचं लिंबूही नको, ते पर्शियनच असतं.
- राहुरीच्या कृषी विद्यापीठाची 'साई शरबती' जात कुणाच्या बागेतली मिळाली तर सोडू नका.

पायासाठी अर्धा कप, म्हणजे १२० मिली रस लागतो. आपल्याकडची मध्यम लिंबं ८ ते १० पुरतात. अमेरिकेतली की लाइम बोराएवढी लहान असतात, तिथे २० तरी लागतील. अमेरिकेतच असाल आणि लिंबं मिळालीच नाहीत, तर साध्या पर्शियन लाइमचा ताजा रस घ्या आणि त्यात एखाद-दुसरा चमचा पिवळ्या लेमनचा रस मिसळा. बाटलीतला की लाइम रस तिथले कित्येक लोक वापरतात. चालतो, पण किसलेली साल मात्र ताजी हवी, कारण वास सालीत असतो.

३. सामान काढून ठेवा

२३ सेंटिमीटर, म्हणजे ९ इंची पाय-ताटलीसाठी:

तळ
- डायजेस्टिव्ह बिस्किटं १७० ग्रॅम (अमेरिकेत ग्रॅहम क्रॅकर १५० ग्रॅम)
- बिनमिठाचं लोणी ७० ग्रॅम, वितळवून
- साखर २ मोठे चमचे (डायजेस्टिव्ह गोड असतील तर १)
- चिमूटभर मीठ

सारण
- कंडेन्स्ड मिल्कचा १ डबा (अमेरिकेतला १४ औंसांचा, म्हणजे ३९६ ग्रॅमचा, आपल्याकडचा काही ग्रॅम इकडेतिकडे, त्याने फरक पडत नाही)
- अंड्यांचे पिवळे बलक ४
- लिंबाचा रस १२० मिली
- किसलेली साल २ छोटे चमचे

वरून
- व्हिपिंग क्रीम २०० मिली आणि पिठीसाखर २ मोठे चमचे, किंवा उरलेल्या अंड्यांचं पांढरं

भांडी: पाय-ताटली किंवा काढता तळ असलेलं टार्टचं भांडं, बारीक किसणी, गाळणी, हाताने फिरवायचं व्हिस्क, वजनकाटा. ओटीजीसाठी थोडे पैसे बाजूला ठेवून आत लटकवायचा थर्मामीटर घ्या असं मी सगळ्यांना सांगते आणि कुणी ऐकत नाही. माझ्या पहिल्या ओटीजीचं बटण १८० वर असलं तरी आत २१० असायचे.

दुकानातले खड्डे:

दूध. अमेरिकेत एकाच फळीवर, एकाच आकाराच्या डब्यात 'इव्हॅपरेटेड मिल्क' आणि 'कंडेन्स्ड मिल्क' शेजारी असतात. पहिलं नुसतं आटवलेलं, बिनसाखरेचं. मी तेच आणलं होतं. लिंबू घातल्याबरोबर त्याचं नासकवणी झालं आणि ते ओतून द्यावं लागलं. डब्यावर 'स्वीटन्ड' शब्द शोधा.

लोणी. आपल्याकडचं पिवळं पाकिटातलं बटर खारं असतं. ते वापरलंत तर वेगळं मीठ घालू नका. घरचं पांढरं लोणी असेल तर त्यातलं ताक पूर्ण निथळून काढा. तूप मात्र नको, तळ तुपट आणि रवाळ होतो.

क्रीम. छोट्या खोक्यात 'फ्रेश क्रीम' मिळतं त्यात स्निग्धांश साधारण २५ टक्के असतो. ते कितीही फेटा, उभं राहत नाही. हात दुखतो फक्त. ३० टक्क्यांच्या वरचं, 'व्हिपिंग क्रीम' असं लिहिलेलंच घ्या.

हिरवा रंग. पोपटी रंगाचा की लाइम पाय कुठे दिसला तर समजा करणाऱ्याने बाटलीतला रंग ओतलाय. खरा पाय फिकट पिवळा असतो, बलकाचा आणि पिकल्या लिंबाचा. कीजमध्ये हिरव्या पायाकडे आपण जसं लाल रंगाच्या श्रीखंडाकडे बघू तसं बघतात.

४. तळ बांधा

ओव्हन १७५ अंश सेल्सियसवर तापत ठेवा. अमेरिकन पाकृतीत ३५० लिहिलेलं असतं ते फॅरेनहाइट, म्हणजे हेच.

बिस्किटं जाड पिशवीत घालून लाटण्याने कुटा. मिक्सरमध्ये केलीत तर दोनदा फिरवून थांबा, कारण पीठ झालं तर तळ दगडासारखा बसतो. रव्याहून थोडा जाड चुरा हवा. साखर, मीठ, वितळलेलं लोणी घालून कालवा. मूठ आवळली तर गोळा राहिला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर सुटला पाहिजे, बेसनाच्या लाडवाच्या मिश्रणाची जी वळण्याआधीची अवस्था असते ती. मुठीतच सुटत असेल तर चमचाभर लोणी वाढवा. डायजेस्टिव्हमध्ये मुळात चरबी असते, मारी बिस्किटं कोरडी. मारी वापरलीत तर लोणी ९० ग्रॅमपर्यंत जातं.

आता ताटलीत पसरून सपाट बुडाच्या वाटीने दाबा. आधी कडा, मग मधला भाग. नवीन माणूस हमखास उलटं करतो, आणि मग कडांना चुरा उरत नाही. कडेचा कोपरा जाड राहतो तिथे बोटाने दाबून सारखा करा.

८ ते १० मिनिटं भाजा. कडा किंचित तांबूस झाल्या आणि भाजक्या बिस्किटांचा वास सुटला की काढा. ही पायरी गाळू नका. माझ्या तिसऱ्या पायाचा तळ कच्चा ठेवला होता, फ्रीजमध्ये बसेल म्हणून; तो सारणातलं पाणी पिऊन बसला. भाजल्यावर तळ पूर्ण निवू द्या.

५. सारण करा

आधी सालीचा कीस. किसणीवर लिंबू एका जागी एकदाच ओढायचं आणि फिरवायचं. हिरवा-पिवळा थर तेवढा यायला हवा. खालचा पांढरा थर आला की कडवटपणा आलाच. लिंबू पिळायच्या आधी किसा. पिळलेली, चेपलेली साल किसायला बसाल तर बोटं किसली जातील.

कीस आणि बलक एकत्र दोन-तीन मिनिटं फेटा, रंग थोडा फिका होईपर्यंत. सालीतलं तेल बलकात उतरतं, म्हणून हे आधी. मग कंडेन्स्ड मिल्क. मग, सगळ्यात शेवटी, गाळलेला रस.

रस ताजाच पिळा. सकाळी काढून ठेवलेल्या रसाचा आंबटपणा राहतो, वास जातो. आपले अॅल्युमिनियमचे लिंबूपिळे चालतात, पण रस त्यात किंवा अॅल्युमिनियमच्या भांड्यात साठवून ठेवू नका, धातूची चव येते. आणि लिंबू अगदी शेवटच्या थेंबापर्यंत रगडू नका. आपल्याला काटकसरीची सवय, पण त्या शेवटच्या थेंबात सालीचा कडूपणा उतरतो.

रस घातल्यावर ढवळताना एक गंमत दिसेल: मिश्रण तुमच्या डोळ्यांदेखत घट्ट होऊ लागेल. दुधात लिंबू पिळलं की दूध नासतं, हे आपल्याला पनीर करताना माहीत झालेलं असतं. इथेही आम्लाने दुधातली प्रथिनं एकमेकांना धरू लागतात, पण कंडेन्स्ड मिल्कमध्ये पाणी थोडं आणि साखर पुष्कळ, त्यामुळे चोथापाणी वेगळं होत नाही. सगळं मिळून दाटतं. ओव्हनशिवाय बेटावर हा पाय जमायचा तो या जोरावर. म्हणून रस कमी करू नका. 'मुलांना आंबट लागेल' म्हणून मैत्रिणीने रस निम्मा केला आणि तिचं सारण रात्रभर फ्रीजमध्ये राहूनही पळीवाढं राहिलं.

५ मिनिटं तसंच ठेवा, मग निवलेल्या तळावर ओता. वर बुडबुडे आले तर ताटली ओट्यावर हलकेच आपटा.

६. भाजा, पण थोडंच

मूळ पद्धत न भाजण्याची असली तरी मी भाजते. कच्चं अंडं आपल्या हवेत मला नको वाटतं, घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर नकोच. शिवाय भाजल्याने काप स्वच्छ निघतो.

१७५ अंशांवर १५ मिनिटं, मधल्या किंवा त्याखालच्या जाळीवर. वेळ संपायच्या दोन मिनिटं आधी ताटली हलकेच हलवून बघा. कडा स्थिर आणि मधला भाग वाटीतल्या दह्यासारखा थरथरतोय, म्हणजे झालं. सुरी खुपसून 'कोरडी निघते का' बघू नका, हा केक नाही. कोरडी निघेपर्यंत थांबलात तर वर भेगा पडतात, बलक रवाळ होतो आणि पाणी सुटतं. वर तांबूस रंगही यायला नको.

७. थांबा

बाहेर तासभर, मग फ्रीजमध्ये किमान ४ तास. मी रात्री करून ठेवते. गरम पाय थेट फ्रीजमध्ये घातला तर वर वाफेचे थेंब जमतात. फ्रीजमध्ये कापलेला कांदा उघडा नाही ना ते बघा, सारण वास चटकन ओढून घेतं. (हे मी अनुभवाने सांगतेय. पाहुणे सभ्य होते.)

८. वर काय घालायचं

कीजमध्ये या प्रश्नावर घरं दुभंगतात. जुन्या लोकांचा कल मेरिंगकडे, म्हणजे अंड्याचं पांढरं आणि साखर फेटून केलेला फेस. क्रीम नव्हतंच तर घालणार कुठून, आणि बलक वापरल्यावर पांढरं उरतंच. क्रीम फ्रीज घरोघरी आल्यानंतरचं. आजी मेरिंगवाल्या. मी त्यांच्यादेखत मेरिंग करायची, एरवी क्रीम.

क्रीम करायचं तर भांडं आणि व्हिस्क १५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा, क्रीम फ्रीजमधून थेट काढा, पिठीसाखर घालून फेटा. शिखरं उभी राहिली की हात थांबवा. बोलण्याच्या नादात पुढे गेलात तर लोणी निघेल. पाय वाढायच्या आधी तासाभरात लावा.

मेरिंग करायचं तर उलट: सारण ओव्हनमधून निघताच, गरम असतानाच. तीन अंड्यांचं पांढरं फेसाळलं की ८० ग्रॅम साखर चमच्याचमच्याने घालत चकचकीत होईपर्यंत फेटा. भांड्याला तुपाचं बोट लागलेलं असेल तर ते कधीच फुलणार नाही. फेस तळाच्या कडेला चिकटवून पसरा, नाहीतर भाजताना आक्रसून मध्ये बेट होतं. पुन्हा १२ ते १५ मिनिटं, टोकं बदामी होईपर्यंत. जून ते सप्टेंबर कोकणात किंवा मुंबईत याच्या वाटेला जाऊ नका. दमट हवेत मेरिंगला घाम फुटतो आणि चार तासांत ते चिकट होतं.

घरच्या चक्क्यात पिठीसाखर आणि थोडं क्रीम घालूनही मी वर लावलंय. की वेस्टमध्ये कुणी माझी बाजू घेणार नाही. आमच्याकडे संपलं.

९. अंडं किंवा ओव्हन चालत नसेल तर

बलकांऐवजी १५० ग्रॅम घट्ट, रात्रभर टांगलेला चक्का कंडेन्स्ड मिल्कमध्ये गुठळी न ठेवता घोटा, मग कीस आणि १०० मिली रस. हे भाजायचं नाही. रात्रभर फ्रीजमध्ये दाटतं. काप थोडा मऊ निघतो, म्हणून छोट्या वाट्यांत लावलेला बरा. तळही भाजता येणार नसेल तर चुरा लोण्याबरोबर कढईत मंद आचेवर पाच मिनिटं परता, मग थापा आणि अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा.

१०. हा जमला की त्याचा खारा भाऊ करा

कीजपासून बरंच वर, नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर, अटलांटिक बीच पाय म्हणून एक प्रकार आहे. सारण जवळपास हेच, तळ मात्र खाऱ्या सॉल्टीन क्रॅकरचा. त्याच राज्यातल्या चॅपल हिल गावचे शेफ बिल स्मिथ यांनी तो किनाऱ्याबाहेर माहीत करून दिला. ते सांगतात की त्यांच्या लहानपणी तिथे समज होता: मासे खाल्ल्यावर गोड खाल्लं तर माणूस आजारी पडतो. अपवाद फक्त लिंबाच्या गोडाचा. म्हणून किनाऱ्यावरच्या मासळीच्या खाणावळींत गोड म्हणून लेमन पायच असायचा.

हे वाचलं तेव्हा मला आमची आजी आठवली. 'माशांवर दूध पिऊ नका, कोड फुटेल.' यात तथ्य नाही, पण दोन समुद्रांच्या काठच्या आज्यांनी पोरांना एकसारखंच भेडसावलं. आणि तिकडच्यांनी चालवून घेतलेला तो लेमन पाय डबाभर दुधाचाच.

करायचा असा: १७० ग्रॅम खारी क्रॅकर बिस्किटं (आपल्याकडे मोनॅको या कामाला उत्तम) हाताने चुरा, पूड नको, तुकडे दिसले पाहिजेत. ३ मोठे चमचे साखर आणि ११० ग्रॅम मऊ, न वितळवलेलं, बिनमिठाचं लोणी घालून मळा. थापा, १५ मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, १७५ अंशांवर १८ मिनिटं, रंग येईपर्यंत भाजा. मग तेच सारण, तशीच १६ मिनिटं. गार झाल्यावर क्रीम, आणि क्रीमवर जाड्या मिठाचे चार खडे. मिठाला घाबरू नका. इथे खारं बटर वापरलंत तर मात्र घोटाळा, कारण बिस्किटं आधीच खारी.

आमच्या घरी दोन्ही केले तर हा आधी संपतो. सासूबाईंनी पहिला घास घेऊन विचारलं, "ही खारी बिस्किटं चुकून पडली का?" आणि दुसरा काप वाढून घेतला.

११. कापणं, नेणं, टिकवणं

सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा आणि एकाच दाबात खाली न्या, करवतीसारखी ओढू नका. प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसा. पहिला काप नेहमी मोडतो; तो करणाऱ्याचा.

फ्रीजमध्ये झाकून ३ दिवस टिकतो. क्रीम न लावता फ्रीझरमध्ये महिनाभर. की वेस्टला गोठवलेला काप चॉकलेटमध्ये बुडवून काडीला टोचून विकतात, कुल्फीसारखा. मुलांच्या वाढदिवसाला हे करून बघा. कुणाकडे न्यायचा असेल तर आदल्या रात्रीपासून पूर्ण गार झालेला, क्रीमशिवाय, ताटलीसकट डब्यात बसवून न्या आणि क्रीम तिथे जाऊन लावा. उन्हाळ्यात रिक्षातून अर्ध्या तासाच्या वर नको. आणि ताटली परत मागायला लाजू नका, माझ्या दोन अजून कोथरूडमध्ये आहेत.